लिंबाची पाई आणि गिरगांवची वाट

लिंबू आमच्या स्वयंपाकघरांत इतकें अंगवळणी पडलेलें आहे कीं, त्याला स्वतंत्र पक्वान्नाचा मान द्यावा असें कोणास सुचत नाहीं. पानाच्या डाव्या बाजूस मिठाशेजारीं त्याची एक फोड पडली म्हणजे त्याचें काम संपलें. साखरभातांत त्याचा रस पडतो, लोणच्यांत तें मुरतें. पण ‘आज गोड काय केलें आहे?’ या प्रश्नास ‘लिंबू’ असें उत्तर कोणी दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तेव्हां गेल्या श्रावणांत एका रविवारीं लिंबाची पाई करण्याचा बेत आमच्या धाकट्या सूनबाईंनीं जाहीर केला, त्या वेळीं घरांत थोडें कुतूहल व बरीच शंका उत्पन्न झाली. ‘पाई’ म्हणतांच आमच्या आत्याबाईंना आणा-पैशांतली पै आठवली. चुरलेल्या बिस्किटांच्या तळावर आंबटगोड सारण पसरून, थंड करून, केळीच्या पानावर वडी कापावी तसें कापून वाढावयाचें हें पक्वान्न आहे, असें त्यांना समजावून सांगावें लागलें.

आत्याबाईंचें वय अठ्ठ्याऐंशी. अंडें त्यांच्या पानांत कधीं पडलें नाहीं, आणि दुकानच्या बिस्किटास त्या अजून हात लावीत नाहींत. रविवारच्या पंगतींत जें गोड होईल तें सर्वांच्या पानांत सारखें पडावें, हा आमच्या घरचा जुना नेम. मूळ कृतींत अंड्याचा बलक आहे आणि तळाला बिस्किटें आहेत. म्हणजे ज्यांच्यासाठीं नेम पाळावयाचा, त्यांनाच ही पाई वर्ज्य!

वस्तुतः हें पक्वान्न परकें असलें तरी त्यांतील लिंबू आपलेंच आहे. ज्याला अमेरिकेंत ‘की लाइम’ म्हणतात, तें आपलें पातळ सालीचें कागदी लिंबूच होय. आशियाच्या या दक्षिणेकडील भागांतून तें अरबांबरोबर पश्चिमेस गेलें, आणि पुढें स्पॅनिश लोकांबरोबर समुद्र ओलांडून अमेरिकेंतील बेटांवर रुजलें. फ्लॉरिडाच्या टोंकाशीं असलेल्या ‘की’ नांवाच्या बेटांवर ताजें दूध दुर्मिळ होतें. डब्यांतलें आटीव गोड दूध मात्र मिळे. त्याचें पेटंट गेल बॉर्डन नामक गृहस्थानें १८५६ सालीं घेतलें होतें. लिंबू अंगणांत व दूध डब्यांत, यांतून ही पाई जन्मास आली. १९२६ च्या वादळानें तिकडील लिंबांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. पाई मात्र टिकली, इतकी कीं २००६ सालीं फ्लॉरिडानें तिला आपल्या राज्याची अधिकृत पाई ठरविलें. आपल्या नारंगानें फारसी, अरबी व फ्रेंच या वाटेनें जाऊन इंग्रजींत आपलें नांव तरी ठेविलें. कागदी लिंबाचें ‘कागदी’ हें नांव मात्र मागें राहिलें.

दुसरी शंका आम्हीच काढली. दूध व आंबट यांचा संयोग चरकसंहितेंत विरुद्ध आहारांत घातला आहे. त्या यादींत महाळुंगाचें तर नांव घेऊन सांगितलें आहे. हें आम्ही घरांत सांगतांच आत्याबाई म्हणाल्या, “अरे मास्तर, त्या चरकाला शिकरण ठाऊक नव्हतें वाटतें?” ठाऊक होतें, त्याच यादींत ‘मोच’ म्हणजे केळेंही आहे, असें आम्हांस कबूल करावें लागलें. “मग अठ्ठ्याऐंशी वर्षें शिकरण खाऊन काय होतें तें मला विचार,” असें म्हणून त्यांनीं तो वाद मिटविला. वैद्यकाच्या अभ्यासकांनीं यावर अधिक लिहावें. ज्यांस पथ्य आहे त्यांनीं आपल्या वैद्यांस विचारावें.

राहिला बिस्किटांचा प्रश्न. तो आत्याबाईंच्याच एका आठवणीनें सुटला. गिरगांवांत चाळींत रहात असतांना दिवाळीपूर्वीं घरोघर नानकटाईचें पीठ मळून, थाळ्यांत गोळे मांडून, वर नांवाची चिठ्ठी ठेवून बेकरींत भाजावयास नेत. तूप घरचें, साखर घरची, भट्टी तेवढी परक्याची. मुलें ती नानकटाई गॅलरींत बसून खात. आत्याबाईंच्या आजी मात्र तिला शिवत नसत, व मुलांनाही हात धुतल्याशिवाय आंत येऊं देत नसत. आत्याबाईंना ती वर्ज्य नाहीं. तेव्हां बिस्किटांऐवजीं घरच्या तुपाच्या नानकटाईचा तळ करावा, असें ठरलें. शनिवारीं आत्याबाईंनीं स्वतः पीठ मळलें: मैदा दोन वाट्या, साजूक तूप व पिठीसाखर एकेक वाटी. घरांत विजेची भट्टी आहे. परंतु नानकटाई बेकरींतलीच हवी, असा त्यांचा हट्ट पडला. सामान जुळविण्याचें काम आम्हांकडे आलें, आणि त्या निमित्तानें शहराची एक फेरी घडली.

दादरच्या स्टेशनाबाहेर पश्चिमेस पहांटे भाजीचा व फुलांचा बाजार भरतो. श्रावणांत तर तेथें बेल, आघाडा, दूर्वा यांचे ढीग पडलेले असतात व वाटसरूस पाऊल टाकण्यास जागा नसते. लिंबें निवडतांना रंगापेक्षां वजन पहावें. हातांत जड लागणारें, गुळगुळीत सालीचें, हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकलेलें लिंबू रसाळ निघतें. आमची नेहमींची भाजीवाली म्हणाली, “बाबा, जाड सालीचीं नुसतीं दिसायला मोठीं. तीं नका घेऊं.” दहा घेतलीं. आठ पुरतात, दोन हयगयीसाठीं.

टिळक पुलावरून पूर्वेस येऊन, हिंदु कॉलनींतून पिठाचा डबा व थाळे घेतले व दादर टी. टी. वर बस धरली. ट्राम बंद झाली १९६४ सालीं. परंतु तिच्या शेवटच्या थांब्याचें नांव लोकांच्या तोंडीं अद्याप आहे. परळ मागें पडलें, आणि लालबाग आल्याचें नाकानेंच सांगितलें. तेथील मसाल्याच्या दुकानांतून मिरची व धने कुटल्याचा वास बारमास येत असतो. उड्डाणपुलाच्या खालीं गल्लोगल्लीं मूर्तिकारांच्या मांडवांत गणपति अर्धवट रंगलेले उभे होते. १९८२ च्या संपानंतर ज्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, त्यांच्या जागीं आतां टोलेजंग इमारती दिसतात. त्यांच्या पायथ्याशीं, पहिल्या पाळीच्या कामगारांना पहांटे पाव पुरविणाऱ्या बेकऱ्यांपैकीं एखादी अजून तग धरून आहे. गिरगांवांतली आमच्या ओळखीची भट्टी कधींच बंद झाली. म्हणून येथें आलों. जानेवारी २०२५ मध्यें उच्च न्यायालयानें लांकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास फर्माविलें, त्याप्रमाणें येथेंही वायूची भट्टी बसली होती. बेकरीवाले मुसलमान गृहस्थ उत्तर प्रदेशाकडील. परक्याचे थाळे भाजून देण्याची रीत आतां कोणी पाळीत नाहीं, असें म्हणत त्यांनीं पीठ चिमटींत धरून पाहिलें, वास घेतला, आणि “तूप घरचें दिसतें, अकरा वाजतां या,” असें सांगितलें.

मधला वेळ गिरगांवांत काढला. तेथील एका जुन्या दुग्धालयांतून चक्का घ्यावयाचा होता; परंतु पाय ‘प्रार्थना समाज’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नाक्याकडे वळले. ज्या मंदिरावरून नाक्यास हें नांव पडलें, त्याच्या संस्थेची स्थापना १८६७ सालीं झाली, व तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग प्रमुख होते. त्यांचे बंधु दादोबा पांडुरंग हे तर आम्हां मास्तर लोकांचे कुलपुरुषच. त्यांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें. ज्या हातानें त्यांनीं मराठीचे नियम घातले, त्याच हातानें या शहरांत १८४९ च्या सुमारास परमहंस सभा नांवाची गुप्त मंडळी उभी केली. सभासद होऊं इच्छिणाऱ्यास तेथें ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. पावाचा एक तुकडा! तोही दार लावून! १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची यादी चोरीस जाऊन बोभाटा झाला, आणि घाबरून मंडळी पांगली. पुढें १८९० च्या आक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें चहाबिस्किटें पुढें आलीं, तेव्हां टिळक व रानडे यांच्यासारख्यांनाही ग्रामण्यास तोंड द्यावें लागलें, आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. हीं नांवें आम्ही वर्गांत अनेकदां सांगितलीं असतील. पण त्या नाक्यावर पिशवींत लिंबें घेऊन उभे असतांना तो तुकडा किती जड असेल, याचा अंदाज प्रथमच आला. जवळच खोताच्या वाडींत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचीं जुनीं लांकडी जिन्यांचीं घरें आहेत. ‘पाव’ हा शब्दच मुळीं पोर्तुगिजांचा. तो आपल्या भाषेंत आला तेव्हां कोणी प्रायश्चित्त मागितलें नाहीं.

परततांना लालबागेस नानकटाई तयार होती. बेकरीवाल्यांनीं मजुरी मोजकीच घेतली, आणि एक नानकटाई मात्र चाखण्यासाठीं आपण होऊन काढून ठेविली होती, तें सांगून टाकलें.

आतां कृति. सुमारें पाव किलो नानकटाई लाटण्यानें चुरून, त्यांत दोन चमचे पातळ तूप घालावें. नानकटाईंत मूळचें तूप असल्यानें अधिक लागत नाहीं. हा चुरा उभ्या कडेच्या भांड्यांत तळाशीं व कडेनें वाटीच्या बुडानें घट्ट दाबून अर्धा तास शीतपेटींत ठेवावा. दोन लिंबांची फक्त वरची रंगीत साल बारीक किसावी. खालचा पांढरा भाग आला कीं सारण कडू होतें. रस अर्धा कप गाळून घ्यावा. आटीव गोड दुधाचा सुमारें चारशें ग्रॅमचा डबा व अर्धी वाटी घट्ट चक्का एकत्र फेटून, त्यांत कीस व रस घालून ढवळावें. पितळेचें बिनकल्हईचें भांडें घेऊं नये, कळकेल. साधें दूध लिंबानें फाटतें, तें त्यांतील केसीन गोळा होऊन पाणी निराळें पडतें म्हणून. येथें पाणी थोडें व साखर पुष्कळ असल्यानें तें फाटण्याऐवजीं डोळ्यांदेखत दाटतें; अंड्याची गरज उरत नाहीं. हें सारण तळावर ओतून रात्रभर थंड करावें. वेलदोडा घालण्याचा मोह आवरावा; लिंबाचा वास त्यापुढें लपतो. तळांत मैदा असल्यानें उपासास चालत नाहीं. हेंही एका वाचकभगिनीनें विचारण्यापूर्वींच आमच्या घरीं विचारून झालें आहे.

रविवारीं पंगतींत चौदा पानें होतीं. सूनबाईंनीं पाई कापून प्रथम आत्याबाईंस वाढली. त्यांनीं घांस घेण्यापूर्वीं आम्हांस विचारलें, “भाजली कुठें?” आम्ही बेकरी, गल्ली, आणि बेकरीवाल्यांचें नांवगांव, सर्व सांगितलें. सूनबाई वाढणें थांबवून उभ्या राहिल्या. आत्याबाईंनीं तळाचा तुकडा मोडून तोंडांत घातला, सावकाश चघळला, आणि म्हणाल्या, “गिरगांवचा बेकरीवाला कडेला जाळायचा. यानें जाळली नाहीं. दिवाळीला थाळे यालाच दे.”