गोड, मंजुळ की सुरेल?



आमच्या नातवंडांना काहीही ऐकवा, उत्तर ठरलेले: "याफे!" बासरी याफे, हजानचा गळा याफे, पत्र्यावरचा पाऊससुद्धा याफे. आणि आम्ही मोठी माणसे तरी काय करतो? सगळ्याला 'गोड' म्हणून मोकळे होतो. चहा गोड, मूल गोड, आवाजही गोड. माझगावच्या कदूरी शाळेत आमच्या मराठीच्या बाई हे चालवून घेत नसत. "कसला आवाज ते नीट सांगा," म्हणायच्या.

तर मुलांनो, ऐका. सुरात गाणारा तो सुरेल. माणूस सुरेल असतो, पेटी सुरेल असते. ओढ्याला कोणी सुरेल म्हणत नाही. तो झुळझुळ वाहतो आणि कोकणात पावसाळा लागला की खळखळतो. मंजुळ म्हणजे बारीक, नाजूक आणि गोड, जशी बासरी. ढोल कितीही छान वाजवा, तो मंजुळ होणार नाही. पायातले पैंजण रुणझुणतात, हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणतात. सिनेगॉगमध्ये सेफेर तोरा बाहेर काढताना वरच्या रिम्मोनीमच्या घंटा वाजतात ना, तीही किणकिणच. शेमोथच्या 28व्या अध्यायात कोहेन गादोलच्या झग्याच्या घेराला सोन्याच्या घंटा लावायला सांगितल्या आहेत. तो आत जाता-येताना त्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून. 'मधुर' हा शब्द चांगलाच आहे, पण तो पुस्तकात जास्त भेटतो, घरात कमी.

हजानचा आवाज मोठा आणि स्वच्छ असेल तर तो खणखणीत. हा शब्द नाण्यांवरून समजतो. पूर्वी चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत. खरा असेल तर खणखण वाजे, खोटा असेल तर बद्द. आता गंमत पाहा. हिब्रूत बेसूर गाणाऱ्याला 'मेझायेफ' म्हणतात, आणि खोट्या नोटा किंवा खोटी सही करण्यालाही हेच क्रियापद! म्हणजे मराठीत चांगला गळा खऱ्या नाण्यासारखा वाजतो, तर हिब्रूत वाईट गाणारा खोटे नाणे खपवतो.

हिब्रूकडे शब्द नाहीत असे मात्र समजू नका. 'नाईम' आपण हवेलाही म्हणतो, नवीन ओळख झाली तरी म्हणतो. पण तनाखमध्ये दावीद राजाच्या गाण्यांच्या संबंधात तोच शब्द आला आहे. शीर हाशिरीममध्ये गोड आवाजाला 'आरेव' म्हटले आहे. लिहून बघा, 'एरेव' म्हणजे संध्याकाळ, तिचीही तीच तीन अक्षरे. आणि किणकिण, रुणझुण यांच्यासारखे जोडशब्द तिथेही आहेत: त्सिलत्सुल, रिश्रुश, झिमझुम. माशी 'लेझमझेम' करते आणि स्वयंपाक करताना आईही. मराठीतही तेच; डास गुणगुणतो, आपणही गाणे गुणगुणतो.

आम्ही 1971 साली इथे आलो आणि पुढे सारी नोकरी नर्स म्हणून केली. एकदा वॉर्डात कोकणातल्या एक आजी आल्या, त्यांना मराठीशिवाय काही येत नव्हते. कानात आवाज येतो ही तक्रार. नातू डॉक्टरांना सांगे, "राअश", म्हणजे नुसता गोंगाट. त्यावरून काय कळणार? आम्ही जवळ बसून विचारले, "आजी, किणकिण वाटते, शीळ वाटते, की रातकिड्यासारखी किरकिर?" त्या म्हणाल्या, "नाय गो बाय, धडधडतंय. नाडीवानी." हे सांगताच डॉक्टरांनी ताबडतोब मानेवर स्टेथोस्कोप ठेवला आणि रक्तवाहिन्यांची तपासणी लिहून दिली. नाडीबरोबर वाजणाऱ्या कानाची तपासणी वेगळी असते. नातू हुशार होता, हिब्रू फर्डे बोलत होता. पण आजीला कोणता शब्द विचारायचा हे त्याला ठाऊक नव्हते.

आपल्या बेने इस्राएल लोकांत कीर्तन 1880च्या सुमारास मुंबईत सुरू झाले. ती पदे आम्ही बायका अजून जमून म्हणतो. मागच्या मलिद्याला एलियाहू हानावीचे गाणे झाल्यावर एका छोट्या मुलीने विचारले, "सावता, पेटीचा आवाज मंजुळ की सुरेल?" आम्ही म्हटले सुरेल. शेजारच्या बाई म्हणाल्या, छे, पेटी भरदार असते, सुरेल तर गाणारी! तिसरीने आणखी तिसरेच सांगितले. मलिद्याचे ताट समोर तसेच राहिले आणि ती पोरगी कधी हिच्याकडे, कधी तिच्याकडे बघत बसली.