पंडिता रमाबाई : प्रश्न विचारणारी श्रद्धा

बारडोली, जि. सुरत
५ एप्रिल

प्रिय मावशीस,


पंडिता रमाबाईंची श्रद्धा समजून घ्यायची, तर त्यांनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनआधी त्यांच्या पत्रांकडे वळावे लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी आपली लहानगी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डाईन या त्यांच्या धर्ममाता. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तेथील मुख्याध्यापिका डोरोथिया बील आणि जेराल्डाईन या दोघींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो म्हणजे धर्मशास्त्रावरचा रोखठोक वादच आहे.

त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंच्या गळी उतरत नव्हता. अथानासियसचा विश्वासांगीकार म्हणायला त्या तयार नव्हत्या. भटभिक्षुकांचे जोखड नुकतेच मोठ्या कष्टाने उतरवले आहे, आता तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी जेराल्डाईनना स्पष्ट कळवले. वाद ताटापर्यंतही पोहोचला. रमाबाईंनी शाकाहार सोडला नव्हता, आणि जेराल्डाईनना त्यात जुना जात्यभिमान दिसे. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतात का नकोत, असाही रमाबाईंचा सवाल होता. पुराणे सांगत देशभर फिरलेल्या शास्त्र्यांच्या या मुलीला अर्थ कळल्याशिवाय मान डोलावणे जमणारे नव्हते.

मग त्या ख्रिस्ती झाल्याच कशाला? याचे उत्तर लंडनच्या फुलहॅम भागातल्या एका आश्रमात सापडते. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना वाँटेजच्या भगिनी तेथे आपुलकीने सांभाळत. हे कशाच्या बळावर चालते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली, विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. सिद्धांताआधी करुणा पटली, ती अशी. तरीही शंका मिटल्या नाहीत. बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळायचा होता, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली आहे.

दुष्काळाच्या बाबतीत मात्र त्या शंका काढत बसल्या नाहीत. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातल्या उपासमारीनेच गेली होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा तेथील सुमारे ३०० मुली-बायकांना त्यांनी आसरा दिला. पाठोपाठ १८९९-१९०० साली गुजरातेत उपासमार सुरू झाली. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून गुजराती माणूस त्याला ‘छप्पनियो’ म्हणतो. रमाबाईंनी गुजरातेत मदतनीस पाठवले, आणि तिकडच्या मुली केडगावी येऊ लागल्या. मुक्तीतली संख्या दीड हजारावर गेली. नुसते पोटाला घालून हे काम संपणारे नव्हते. अक्षरओळख, विणकाम, शेती, छपाई शिकवावी लागे, आणि आंधळ्यांसाठी ब्रेलची सोय करावी लागे.

अशा दयेवर आधीही आक्षेप आले होते, हेही नोंदवले पाहिजे. रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या हिंदू मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळतो, या कारणावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडले. मदत आणि धर्मप्रसार यांच्या सीमेवरचा हा वाद आजही संपलेला नाही. रमाबाईंवर दोन्हीकडून टीका झाली : मिशनऱ्यांच्या लेखी त्या हट्टी, पुण्याच्या लेखी परक्या.

प्रश्न विचारण्याची सवय शेवटी बायबलच्या भाषांतरात कामी आली. बेताच्या शिकलेल्या बाईला कळेल अशा मराठीत शास्त्र हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबल मुक्तीच्याच छापखान्यात बायकांच्या हातून छापले जात होते. १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, तरी काम थांबले नाही. ते हातावेगळे होताच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले.

तुझी,
भाची