थेंबाची साक्ष

वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक खोड जडली आहे. कोठे नुकसान दिसले की आम्ही आधी प्रतिवादी ठरवतो आणि मग पुरावा शोधतो. या खोडीने एकदा आमची चांगलीच फजिती केली. ती सांगण्यास मात्र आम्हांस संकोच वाटत नाही, कारण त्या फजितीमुळेच आमची माणसे सुखरूप राहिली.

आमचे बिऱ्हाड आदिलाबादेस. पैनगंगेच्या दक्षिणतीराचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. राज्ये बदलली, तरी घरातली मराठी बदलली नाही. वसंतपंचमीस बासरच्या सरस्वतीपुढे मुलांचा अक्षराभ्यास करण्याची रीतही बदलली नाही. त्या वर्षी आमच्या पुतण्याची पाळी होती. आदल्या दिवशी अंगणात पाहतो तो गाडीखाली काळ्या तेलाचे थेंब! आठच दिवसांपूर्वी मिस्त्रींनी इंजिनाचे तेल बदलले होते. तळाचा बोल्ट त्यांनी सैल ठेवला, असा निकाल आम्ही तेथल्या तेथे देऊन टाकला आणि गॅरेजात जाऊन तो वाचूनही दाखवला.

मिस्त्रींनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, “वकीलसाहेब, आधी पुसू द्या; मग बोला.”

त्यांनी इंजिन फडक्याने स्वच्छ पुसले, त्यावर खडूची पूड भुरभुरली आणि पाव तास ते चालू ठेवले. पुडीवर तेलाचा ओघळ स्पष्ट उमटला. तो निघत होता वरच्या झाकणाच्या जुन्या गॅस्केटातून, आणि उतरत उतरत तळाच्या बोल्टाशी येऊन ठिबकत होता. बोल्ट बिचारा घट्ट होता! गळते एकीकडे आणि ठिबकते दुसरीकडे. गाडी धावत असली म्हणजे वारा ते आणखी मागे लोटतो.

आम्ही खजील होऊन उभे होतो, तोच मिस्त्री गाडीच्या मागच्या बाजूस सरकले आणि गप्प झाले. मागच्या चाकाची आतली बाजू ओली होती. तो द्रव त्यांनी बोटांवर चोळून दाखवला : पातळ, पिवळसर, बुळबुळीत. ते ब्रेकचे तेल होते.

“इंजिनाचे तेल संपले तर गाडी बंद पडेल. हे संपले तर गाडी थांबणारच नाही.”

दुसऱ्या दिवशी वाटेत निर्मळजवळचा महबूब घाट होता. आमच्या अंगावर काटा आला.

रात्री उशिरापर्यंत मिस्त्रींनी चाकातला सिलिंडर आणि भिजलेले लायनर बदलले, नळ्यांतली हवा काढली. हात चालू असता ते बोलत होते. तरुणपणी रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात त्यांनी मच्छीमार लाँचींची इंजिने सांभाळली होती. लाँचीच्या तळातून पंख्याचा दांडा बाहेर पडतो, तेथे पॅकिंग असते. दांडा फिरताना त्यातून मिनिटास दोनचार थेंब पाणी आत यावेच लागते. त्यानेच दांडा गार राहतो. नवशिका खलाशी गळती समजून नट आवळत सुटला की पॅकिंग जळते आणि दांडा झिजतो. उलट, गिअरचे तेल दुधाळ दिसले तर समजावे की बाहेर थेंबही न दिसता पाणी आत शिरले आहे. म्हणजे जो थेंब दिसतो तो निर्दोष असू शकतो, आणि खरा अपराधी कधी दिसतच नाही!

तेव्हापासून गाडीखाली रात्री कोरा पुठ्ठा पसरण्याचा आमचा नेम आहे. एअरकंडिशनरचे स्वच्छ पाणी पडले तर चिंता नाही. हिरवट वा गुलाबी, गोडसर वासाचा डाग रेडिएटरचा. तो आम्ही लगेच धुऊन टाकतो, कारण मांजराने चाटला तर ते दगावते. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडत नाही.

गॅरेजातून निघताना आम्ही मिस्त्रींची क्षमा मागितली. ते हसले. “तुम्ही भांडायला आला नसता, तर चाक कुणी पाहिले असते?”

दुसऱ्या दिवशी घाटात प्रत्येक वळणावर ब्रेक लागला की आम्हांस मिस्त्री आठवत. बासरला पुतण्याने तांदळावर पहिले अक्षर गिरवले. आधी पुसावे आणि मग वाचावे, हा आमचा अक्षराभ्यास आदल्या रात्रीच झाला होता.