काजळीचा पावसाळा

काजळी घरी आली तेव्हा ओंजळीत मावत होती. अंग पांढरंशुभ्र आणि दोन्ही डोळ्यांभोवती बारीक काळी कड. नाव काय ठेवायचं याचा विचार कुणालाच करावा लागला नाही. सांगलीच्या गावभागातल्या आमच्या घरात तिनं आपला दिनक्रम लगेच ठरवून टाकला. पहाटे आणि दिवेलागणीला घरभर हुंदडायचं, दुपारी देव्हाऱ्याखालच्या गार फरशीवर पोट टेकून पडायचं. काही खटकलं की मागचा पाय जमिनीवर आपटायचा. एवढ्याशा जिवाचा तो आवाज माजघरातून थेट ओसरीपर्यंत ऐकू यायचा.

सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे त्याला दिवसभर काहीतरी चावत राहावं लागतं. काजळीला हरळी, मेथी घास आणि गाजराचा पाला लागायचा. मूठभर पाला पुढं टाकला की एकेक काडी टोकापासून आत ओढली जायची, नाक थरथरत राहायचं. सशाला उलटी होत नाही. एकदा पोटात गेलं ते गेलंच. म्हणून त्याच्यापुढं काय पडतं यावरच सगळी राखण असते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग पाण्याखाली गेला. आम्ही नावेतून बाहेर पडलो तेव्हा काजळी आईच्या मांडीवर भाजीच्या टोपलीत होती. ओल्या फडक्याखाली तिचं अंग धडधडताना दिसत होतं. पाणी ओसरलं तरी घरात चिखल आणि ओल होती, म्हणून तिला घेऊन आम्ही साताऱ्याला आत्याकडे राहिलो.

आत्याचं घर शाहूपुरीत. मागं परसू, दगडी गडगा, अळू, कर्दळ. पावसाळ्यात तो गडगा सतत ओलाच असायचा आणि रात्री त्याच्या फटींतून शेंबड्या गोगलगायी बाहेर पडायच्या. या बिनशंखाच्या. काळपट तपकिरी, बोटभर लांब, चपट्या. एका पहाटे काजळीचे पाय जोरात आपटू लागले म्हणून आम्ही बॅटरी घेऊन गेलो. कोंड्याच्या वाटीच्या काठावर एक गोगलगाय चढलेली होती. तिच्या मागं फरशीवरून वाटीपर्यंत चकाकता चिकट पट्टा ओढलेला, आणि वाटीतला कोंडा त्या बाजूला ओला होऊन गोळा झालेला. काजळी कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. आत्यानं हाताला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, गोगलगाय उचलली आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकली. “कोंडा सगळा फेकून दे, बाळ. वाटी गरम पाण्यानं घास,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला सगळं नीट समजावून दिलं. उंदराच्या फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत एक बारीक कृमी राहतो. १९३५ साली चीनमधल्या कँटन शहरातल्या उंदरांत तो सापडला. त्याच्या अळ्या उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात, गोगलगायी त्या लेंड्या खातात आणि अळ्या त्यांच्या अंगात वाढतात. अशी गोगलगाय दुसऱ्या प्राण्याच्या पोटात गेली की अळ्या थेट मेंदूकडे निघतात. माणसाला यातून मेंदूच्या आवरणाला सूज येते. कुत्रे आणि घोडेही आजारी पडतात. “ससा मुद्दाम गोगलगाय खात नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण तिचं पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं. पाल्याला चिकटलं तर पाल्याबरोबर चावलं जातं.” शेतकऱ्यांना पिडणारी मोठी शंखी गोगलगायही हाच कृमी वाहते. ती मूळची आफ्रिकेतली. १८४७ साली मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली, तिथून देशभर पसरली.

आत्यानं मग काजळीची पेटी विटांवर चढवली, भिंतीपासून हातभर लांब. परसातला पाला तोडणं बंद केलं. बाजारातून आणलेली भाजी पान पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवायची, मगच पुढं टाकायची. कोंडा रात्री उघडा ठेवायचा नाही, कारण उंदीर आला की साखळी तिथूनच सुरू होते. गडग्यालगत गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं अंथरायची. पहाटे उलटली की खालच्या बाजूला गोगलगायी गोळा झालेल्या असत. त्या हातमोजे घालूनच वेचायच्या. हे सगळं आत्या न चुकता करायची, भर पावसातही, डोक्यावर इरलं घेऊन. ती राखण नसती तर त्या पावसाळ्यात काजळी टिकली असती असं मला वाटत नाही.

सांगलीत परतल्यावर आम्ही नदीकाठचं गवत आणणं कायमचं सोडलं. पाण्यातल्या गोगलगायींमुळे यकृतातल्या चपट्या कृमीची बीजं तिथल्या गवताच्या काड्यांना चिकटतात. गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांना त्याचाच त्रास होतो, आणि ससाही त्यातून सुटत नाही. त्याऐवजी मळ्यातला कोरड्या जागेवरचा मेथी घास उन्हात सुकवून द्यायला लागलो. काजळीला तो सुका घास जास्तच आवडू लागला.

ती पुढं कित्येक वर्षं जगली आणि म्हातारपणानं गेली. शेवटी दात लांबून वाकडे व्हायचे, डॉक्टर ते घासून द्यायचे. पाय आपटणं मात्र अखेरपर्यंत तसंच होतं.

ससा पाळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या सशाच्या आसपास, अंगणात किंवा कुंडीतही टाकू नका. त्या गोळ्यांत खाण्याजोगं आमिष कालवलेलं असतं, त्यामुळे मुकी जनावरं त्या चाटून-पुसून खातात, आणि त्या विषावर नेमका उतारा नाही. गोणपाट, गूळ आणि मिठाचं पाणी एवढं पुरतं.