जठारपेठेत पाहुणा आला तर

अकोल्याला कुणी मुद्दाम फिरायला येत नाही. लोक येतात ते लग्नाला, दवाखान्यात, कृषी विद्यापीठातल्या कामाला, नाहीतर पोरांच्या ट्यूशनसाठी. नागपूरकडून शेगावला जाणारे भाविक खिडकीतून आमचं स्टेशन पाहतात आणि पुढे निघून जातात. गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीचा मुलगा वाशिमहून नीटच्या तयारीसाठी आला. पहिल्याच आठवड्यात त्याने विचारलं, "मामू, इथं पाहण्यासारखं काय आहे?" त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

आधी यायचं कसं ते. अकोला मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे गाड्यांची कमी नाही. नांदेडकडे जाणारा फाटाही इथूनच निघतो. खंडव्याची जुनी मीटरगेज गाडी मात्र २०१७ मध्ये बंद झाली. मेळघाटाच्या जंगलातून मोठा रूळ न्यायचा की नाही, या वादात ती अडकली. अकोटपर्यंतचा टप्पा तेवढा २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाला. अमरावतीकडून गाडीने येत असाल तर त्या महामार्गावर थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. जून २०२२ मध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत झाला आणि गिनीज बुकात गेला. नंतर गावात शिरलात की अभिमान हळूहळू उतरतो, कारण तिथले खड्डे कोणत्याच बुकात नाहीत.

स्टेशनवर किंवा एसटी स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला "जठारपेठ" म्हणा, बास. जठारपेठ, रतनलाल प्लॉट, सातव चौक, पुढे उमरी. दवाखाने, मेडिकल, झेरॉक्सची दुकानं आणि नोकरदारांची घरं. हा मोर्णेच्या अलीकडचा, रेल्वे आणि कापसाच्या व्यापाराबरोबर वाढलेला भाग.

इतिहास पाहायचा तर नदी ओलांडून जुन्या शहरात जावं लागतं. तिथे असदगड आहे. औरंगजेबाचा वजीर असद खान याच्या नावावरून हे नाव पडलं आणि बांधकाम ख्वाजा अब्दुल लतीफने पूर्ण केलं. दहीहांडा वेशीवरचा शिलालेख औरंगजेब आणि असद खानाचं नाव सांगतो. अगरवेशीवरचा मराठी लेख मात्र म्हणतो की किल्ला १८४३ मध्ये गोविंद आप्पाजीने बांधला. दोन वेशी, दोन दावे. मला यात भांडण दिसत नाही. ज्याने ज्याने या भिंतीला हात लावला, त्याला ती आपली वाटली, एवढंच दिसतं. इंग्रजांनी पुढे किल्ला बराचसा पाडून टाकला, पण दोन्ही दावे इतिहासात राहिले.

आता रात्रीचं. पब-बिब विचारू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्यामुळे अकोला जगतं ते दिवस मावळल्यावर. ट्यूशन सुटलेली पोरं आलूबोंड्याच्या गाडीवर, म्हातारे ओट्यावर, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, गच्चीवर टाकलेल्या गाद्या. आणि नळ. काटेपूर्णेचं पाणी रोज येत नाही; ज्या रात्री येतं त्या रात्री अख्खी गल्ली जागी असते. आमचं नाइटलाइफ हेच.

दोन रात्री मात्र चुकवू नका. एक रमजानमधली, तरावीहनंतरचा मोहम्मद अली रोड. दुसरी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या आधीची, जेव्हा हजारो तरुण गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराकडे चालत येतात. अकोट फैलात त्या रात्री मी पाणी वाटलं आहे. घेणाऱ्याने नाव विचारलं नाही.

नाव विचारलं जातं ते दिवसा. भाच्याला जठारपेठेत खोली पाहिली तेव्हा भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग मालकाने पूर्ण नाव विचारलं आणि खोली कालच गेल्याचं त्यांना आठवलं. असं तीनदा झालं. जुन्या शहरात १३ मे २०२३ च्या रात्री एका पोस्टवरून दंगल उसळली. एकाचा जीव गेला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. त्यानंतर नदीच्या दोन्ही बाजूंना "तिकडे कशाला जाता?" हा प्रश्न वाढला. अलीकडच्यांना जुन्या शहराची भीती, पलीकडच्यांना खोली न मिळण्याचा अनुभव. एक पूल ओलांडायला रिक्षाला काही मिनिटं लागतात, माणसांना फार जास्त.

शेवटी माझ्या शाळेतल्या मित्राच्या आईने आपली वरची खोली दिली. काकूंची अट एकच होती: "अकरानंतर आलास तर गेट हळू लाव बाबा, माझी झोप मोडते." भाच्याचे तीन रूम-पार्टनर झाले, एक मेहकरचा, दोघे रिसोडचे. यंदा रमजानमध्ये तो तिघांनाही घेऊन मोहम्मद अली रोडला गेला. सीख कबाब कुणी किती खाल्ले याचा हिशोब अजून सुरू आहे.

तेव्हा पाहुणे, जठारपेठेत उतरा, पण तिथेच थांबू नका. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पूल ओलांडा, दोन्ही वेशी पाहा. परतताना उशीर झाला, तर गेट तेवढं हळू लावा.