साल ठरलं की कळवतील

मुलाखत या प्रकाराशी माझे कधीच जमले नाही. १९८२ साली मी बी. ए., बी. एड. होतो, म्हणजे बेकार होतो. वडील त्याच वर्षी रिटायर झालेले आणि पाठच्या बहिणीचे कॉलेज सुरू. अशात आंबेगाव तालुक्यातल्या एका शाळेचे बोलावणे जुन्नरला आमच्या घरी येऊन पडले. नोकरी लागली की वाटायची म्हणून आईने देवापुढे साखरेची वाटी भरून ठेवली आणि हळदीच्या डब्यातून मला एस.टी.चे पैसे काढून दिले. कंडक्टरने त्या पिवळ्या नोटेचा वाससुद्धा घेऊन पाहिला.

पत्रात ‘स्थळ : आंबेगाव, सकाळी १० वाजता’ एवढेच. कंडक्टर म्हणाला, “गाव की तालुका?” प्रश्न बिनतोड होता. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजारपेठ मंचरला आणि खुद्द आंबेगाव पार आत, घोड नदीच्या खोऱ्यात. (ते गाव पुढे डिंभे धरणाच्या पाण्यात गेले.) मी मंचरला गाडी बदलून घोडेगाव गाठले. शाळेला कुलूप. पायरीवर शिपाई बिडी ओढत होता.

“साहेब मंचरला. आज बटाट्याचा लिलाव न्हाई का!”

जसे काही बी. एड.ला हा विषय मला होताच!

पुन्हा मंचर. चेअरमनसाहेबांच्या आडतीत आम्ही अकरा उमेदवार पोत्यांवर बसलो. मधूनमधून हमाल येई आणि “उठा, मास्तर” म्हणून खालचे पोते ओढून नेई. मला मास्तर म्हणणारा त्या दिवशी तेवढा एकच माणूस भेटला.

चार वाजता पुकारा झाला. माझा अर्ज मराठीच्या जागेसाठी, पण समितीपुढची फाईल चित्रकलेची. “चित्रं दाखवा,” सेक्रेटरी म्हणाले. ते निस्तरल्यावर चेअरमननी विचारले, “गाव?”

“जुन्नर.”

“मग सांगा, शिवाजीमहाराजांचा जन्म कुठं झाला?”

मी मनात पेढे वाटले. अहो, दारात उभे राहिले की आम्हांला शिवनेरी दिसतो!

“सन?”

इथे मेलो. लोकमान्यांनी १९१६ साली जेधे शकावली छापली, तेव्हापासून १६२७ की १६३० हा वाद पेटलेला. आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारमान्य आहे. तेव्हा आमच्या गल्लीतसुद्धा दोन तट होते. मी जीव मुठीत धरून म्हटले, “१६३०.”

“बरोबर!” चेअरमन म्हणाले.

“साफ चूक!” सेक्रेटरी उसळले. “वैशाख शुद्ध द्वितीया, १६२७!”

“फाल्गुन वद्य तृतीया!”

तिसरे सभासद पुस्तक आणायला म्हणून जे गेले ते गेलेच. आवाज चढले, लिलाव थांबला, हमालांनी चेअरमनची बाजू घेतली. मला कुणी थांब म्हणेना, की जा म्हणेना. नारायणगावहून जुन्नरला जाणारी शेवटची गाडी चुकेल म्हणून मी उठून नमस्कार केला. तो तराजूशिवाय कुणी पाहिला असेल असे वाटत नाही.

घरी पोचलो तेव्हा सगळे जागेच होते.

“काय म्हणाले रे?” आईने विचारले.

“साल ठरलं की कळवतील.”

“म्हणजे यंदा नाहीच,” ती म्हणाली आणि देवापुढची साखर उचलून तिने परत डब्यात ओतली.