झाड पोसलं, वांगं राहिलं

कुरुंदवाडात राहून वांग्याचं झाड नीट वाढवता येत नाही, हे चारचौघांत सांगायची सोय नाही. कृष्णा-पंचगंगेचा संगम हाकेच्या अंतरावर. पावसाळा ओसरला, पाणी पात्रात गेलं की काठच्या मळीत वांग्याचा तरू लागतो. थंडीत तिथून निघणारी वांगी ‘कृष्णाकाठची’ म्हणून गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं. निवृत्तीनंतर परड्यात वांगी लावायचं ठरवलं तेव्हा माझा हिशेब सरळ होता. गाव तेच, माती तीच, तेव्हा वांगंही तेच यायला हवं. वर्गात गणित शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाने इतका चुकीचा हिशेब मांडावा, याचं मला आजही नवल वाटतं.

पहिली गोष्ट, माती तीच नव्हती. मळीची जमीन म्हणजे पुराने दरवर्षी नवा गाळ आणून टाकलेला पोयटा. तो भुसभुशीत असतो आणि नदीच्या बाजूला उतार असल्याने पाणी धरून ठेवत नाही. माझं परडं गावठाणातलं. तिथे काळी, चिकट माती आणि वरून बोअरचं मचूळ पाणी. नदीकाठचा पोयटा आणवून मी खड्ड्यांत भरला आणि निर्धास्त झालो. पण खड्ड्याच्या चारी बाजूंना काळी मातीच होती. पाणी खड्ड्यात शिरायचं आणि तिथेच साचून बसायचं. पानं दुपारी मान टाकायची. मला वाटायचं तहानली आहेत, म्हणून मी आणखी पाणी घालायचो. मुळं कुजली तरी पानं तशीच मलूल होतात, हे झाड उपटून पाहिल्यावर कळलं. उन्हाळ्यात मातीवर पांढरा पापुद्राही धरला.

हे न कळायला मी काही परगावचा नव्हे. आमच्या शिरोळ तालुक्यात उसाला पाणी पाजून पाजून जमिनी क्षारपड झाल्या. दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेताच्या पोटात सच्छिद्र पाइप घालून निचरा करायचं मोठं काम इथे उभं राहिलं. त्यावर मी लोकांशी तावातावाने बोललोही होतो. स्वतःच्या चार वाफ्यांत मात्र तेच सगळं लहान प्रमाणात घडवून आणलं. आता झाडं वीतभर उंच गादीवाफ्यावर आहेत, पाणी नळाचं घालतो, आणि बोट मातीत खुपसून पाहिल्याशिवाय बादली उचलत नाही.

खताच्या बाबतीत तर मी हात सैल सोडला होता. शेणखत, लेंडीखत, पेंड आणि वर उसासाठी कुणीतरी आणलेल्या युरियातला मूठभर. झाडं अशी फोफावली की येणारा-जाणारा थांबून बघायचा. पानं तळहाताहून मोठी, काळपट हिरवी, आणि वांगं एक नाही. बाजारात ज्यांच्याकडून भाजी घेतो त्या मावशी एकदा घरी आल्या होत्या. त्यांच्या घरची मळीत वांगी असतात. झाडांकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, “मास्तर, झाड पोसायलाय का वांगं?” नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं आणि फुलाला उशीर करतं. शिवाय तो लुसलुशीत पाला मावा-तुडतुड्यांना आयताच मिळतो. तुडतुडे आले की त्यांच्यामागून बोकड्या येतो. पानं बारीक होऊन शेंड्याला गुच्छ धरतात आणि त्या झाडाला पुन्हा फळ लागत नाही. असं एक झाड मी ‘सुधारेल’ म्हणून बरेच दिवस ठेवलं आणि त्याच्या शेजारचंही घालवलं. रोगट झाड दिसल्या दिवशी उपटावं, हे कुणीही सांगितलं असतं. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग फुलं आली आणि गळायला लागली. मी घाबरलो. इथे मात्र माझा दोष निम्माच होता. वांग्याची सगळी फुलं सारखी नसतात. काहींत मधली काडी परागकोशांच्या वर डोकावते, त्यांना फळ धरतं. काहींत ती आतच बुटकी राहते. ती फुलं बहुधा गळतातच आणि त्यावर औषध नाही. उरलेला निम्मा दोष मुहूर्ताचा. मी रोपं लावली ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. पारा पस्तिशीच्या वर गेला की चांगली फुलंही टिकत नाहीत.

त्या लावणीचं पुढचं प्रकरण तर घरात अजून सांगितलं जातं. वळीव पडले, हवा गार झाली, आणि झाडांनी एकदाची फळं धरली. पहिली टोपलीभर वांगी निघाली तेव्हा कांदेनवमी उलटून गेली होती. आई चातुर्मास पाळते. आषाढीपासून घरात वांगं शिजत नाही. वर्षभराच्या मेहनतीची वांगी मी शेजारी वाटली आणि घरी दोडका खाल्ला. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच वांगं पुन्हा खायचं, ही जुनी रीत निव्वळ सोवळ्याओवळ्याची असेल असं मला आता वाटत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वांग्याला कीड फार, आणि मार्गशीर्षात मळीतलं वांगं चवीला येतं. रीत घालणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक. माझं वेळापत्रक मात्र मी त्या रीतीला जोडून टाकलं. आता बी गणपतीच्या आसपास टाकतो आणि चार-पाच आठवड्यांची रोपं वाफ्यात लावतो.

बियाचंही सांगून टाकतो. बाजारातलं एक छान जांभळं वांगं चिरून त्यातलं बी मी वाळवून पेरलं. उगवलं नाही. खायचं वांगं कोवळं असतं, त्यातलं बी तयार झालेलं नसतं. बियासाठी फळ झाडावरच पिवळं पडेपर्यंत ठेवावं लागतं. पुढच्या खेपेला तसं ठेवलं, पण ते झाड संकरित होतं. त्याच्या पोटी सगळी निरनिराळी पोरं निघाली, एकही आईसारखं नाही.

पण वांगं लावणाऱ्याची खरी परीक्षा अळी घेते. शेंडा आणि फळ पोखरणारी ही अळी कोवळ्या शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. फळं आली की ती फळात जाते आणि मागे बारीकसं भोक तेवढं ठेवते. एकदा आत शिरली की वरून काहीही मारा, तिच्या अंगाला लागत नाही. ही अळी एकट्या माझ्याच मागे लागलेली नाही. हिच्यासाठीच जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीने जनुक बदललेलं बीटी वांगं काढलं. त्यावर देशभर जनसुनावण्या झाल्या, त्यातली एक आपल्या नागपुरात. 9 फेब्रुवारी 2010 रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. बांगलादेशाने 2013 साली ते मान्य केलं. तो वाद मोठ्यांचा; परड्यातल्या चार झाडांपुरता उपाय कात्रीचा आहे. मान टाकलेला शेंडा अळीसकट, थोडा खालून कापायचा. मीही कापला. आणि खत होईल म्हणून झाडाच्याच बुडाशी टाकला! अळी वाढली की पालापाचोळ्यात उतरून कोष करते, आणि मी तिला पाचोळाही जागेवर पुरवत होतो. पंधरवड्यात पहिल्यापेक्षा जास्त शेंडे वाळले. हल्ली कापलेले शेंडे आणि भोक पडलेली वांगी मी जाळतो, नाहीतर पिशवीत बांधून कडक उन्हात ठेवतो.

कात्री चालेना म्हणून मी बाटलीकडे वळलो. ही चूक सांगताना अजून जीभ अडखळते. दुकानातून कीटकनाशक आणलं, झाकणाने अंदाजे माप घेतलं आणि सकाळी फुलं उमललेली असताना फवारलं. वांग्याच्या फुलाचा पराग टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो. तो हलवून काढायला गुणगुणणारे भुंगे लागतात, आणि नेमके त्यांच्याच वेळेला मी औषध मारलं. दोन दिवसांनी वांगी तोडली, चांगली टपोरी बघून शेजारच्या घरांत दिली. संध्याकाळी बाटली माळ्यावर ठेवताना चष्मा नाकावर होता म्हणून लेबल वाचलं. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही, ते त्यावर छापलेलं होतं. दोन दिवस त्यात कुठेच बसत नव्हते. मी पिशवी घेऊन दारोदार वांगी परत मागत फिरलो. एका घरी कढई उतरलेली होती, पानं वाढायची बाकी होती. त्या माउलीने एका शब्दाने मला दुखावलं नाही, कढई उचलून परसात रिकामी केली. त्यानंतर आमच्या घरात ती बाटली आलेली नाही. निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम अशा रात्रभर भिजवायच्या, गाळायच्या आणि उन्हं उतरल्यावर फवारायच्या. त्याने आतली अळी मरत नाही, पण नवी कमी येते.

तोडणीत माझा लोभ आडवा यायचा. आणखी दोन दिवस, आणखी थोडं मोठं, असं करत फळ झाडावर ठेवायचो. कातडीची चमक गेली की वांगं जून झालंच समजा. बी कडक होतं, चव तुरट होते, आणि झाड नवी फुलं काढायचं थांबतं. उसाचा खोडवा राखणाऱ्या मुलखात राहून पहिल्या वर्षी मी थकलेली झाडं मुळासकट उपटलीही होती. हात-दीड हात राखून छाटली असती तर पुन्हा फुटली असती. टोमॅटो-मिरची काढलेल्या वाफ्यात वांगी लावून मर रोगही ओढवून घेतला. तिन्ही एकाच कुळातली, दुखणीही बरीचशी एकच.

सध्या गादीवाफ्यावर चार झाडं आणि रंगाच्या जुन्या डब्यात एक, एवढाच पसारा आहे. थंडीत आठवड्याला एक भरल्या वांग्याची भाजी निघते, कधी दोन. मोठं फळ झाडावर जास्त दिवस राहतं आणि तेवढ्या दिवसांत अळी त्याचा पत्ता शोधतेच. म्हणून भरिताचं वांगं मी घरी धरत नाही. ते आजही मावशींकडून विकतच आणतो.